पर्जन्यमापक, ओला पारा आणि फवारणीची वेळ : खरिपाची नोंद

घरी बनवलेल्या पर्जन्यमापकाचं गणित बसलं. उथळ नरसाळ्यातून जोराच्या सरीत थेंब उडून बाहेर जातात, म्हणून वर 160 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा 10 सेंमी उंच तुकडा चिकटवला. पाइपवर छापलेला व्यास बाहेरचा असतो. तो धरला तर 1 मिमी पाऊस म्हणजे 20.1 मिली पाणी. आतून मोजला तर 15.2 सेंमी भरतो, म्हणजे 18.1 मिली. बाहेरच्या मापाने प्रत्येक पाऊस दहा टक्के कमी दिसेल, आणि सोयाबीनच्या पेरणीसाठी 75 ते 100 मिमीची बेरीज करताना ते अंगाशी येईल.

खाली दोन लिटरची बाटली नको. ती 110 मिमीलाच भरते आणि नेमकी मोठ्या पावसाची नोंद जाते. पाच लिटरचा कॅन जमिनीत पुरून तोंड 30 सेंमी वर, समपातळीत ठेवलंय. गोठा किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं.

पाणी सकाळी 8:30 लाच मोजायचं. हवामान खात्याच्या पावसाचा दिवस 8:30 ते 8:30 असतो आणि आकडा मोजल्या तारखेला पडतो. सोमवारी संध्याकाळची सर मंगळवारच्या रकान्यात जाते. अंदाजातली तारीख कुठल्या 8:30 पासूनची आहे हे न पाहता ताळा केला, की बरोबर आलेला अंदाजही एका दिवसाने हुकलेला दिसतो. खात्याला पडणाऱ्या शिव्यांतल्या काही इथल्याच!

ताळा करताना 2.5 मिमी किंवा जास्त म्हणजे ‘पाऊस झाला’. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असेल तर त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर, ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तर 75 टक्क्यांहून जास्त. त्यामुळे ‘तुरळक’ला वाफसा (मशागतीजोगी ओल) असेल तर कोळपणी (ओळींमधलं तण काढणं) थांबवायची नाही. कपाशीला युरिया टाकायचा तर ‘बहुतांश’ आणि जोराचा पाऊस सांगितलेला दिवस टाळायचा. हवामान खात्याचा मंगळवार आणि शुक्रवारचा कृषी सल्ला आठवड्याची आखणी करायला पुरतो, पण फवारणीचा तास त्यातून कळत नाही.

त्यासाठी दोन तापमापकं, एक कोरडं, दुसऱ्याच्या बल्बला मलमल आणि डिस्टिल्ड पाणी (हा ओला पारा); दोन्हींतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. सावलीत धरून पुठ्ठ्याने वारा घालायचा, ओला पारा उतरून स्थिर झाला की दोन्ही वाचायचे. फरक 2 ते 8 अंश असेल तर फवारा. सकाळी 29 आणि 25, फरक 4, उत्तम. उघडिपीत दुपारी 34 आणि 23 आले तर फरक 11, बारीक थेंब पानावर पोचण्याआधीच सुकतात. बोअरचं पाणी वापरलं की क्षार साचून मलमल नीट भिजत नाही, ओला पारा पुरता उतरत नाही, फरक कमी दिसतो आणि वाईट वेळ चांगली वाटते. मलमल कडक झाली की बदला.

वारा ताशी 3 ते 15 किमी हवा. पहाटेची अगदी पडलेली हवा फसवी असते. जमिनीलगत गार थर बसलेला असतो आणि तुषार त्यात तरंगत शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जातात. धूर सरळ वर न जाता आडवा पसरत असेल तर थांबा.

पुढचं काम : आपल्या महसूल मंडळातल्या महावेध केंद्राचे (राज्याच्या प्रकल्पातलं स्वयंचलित हवामान केंद्र) आकडे शेजारच्या रकान्यात लिहायचे. वळवाच्या सरींत दोन्ही जुळणार नाहीत, ते धरूनच चला. लागून राहिलेल्या झडीत मात्र सतत एकाच बाजूला फरक पडत असेल, तर आधी नरसाळ्यात अडकलेला पाला काढा.