तक्ता, नोंद 14: 2004 चा रकाना पुन्हा कोरा

मंडळी, कोरियन नट चो सुंग-वू याच्या कारकिर्दीचा वर्षवार तक्ता मी करते आहे. मागच्या नोंदीत मी मोठ्या आनंदाने कळवलं होतं की 2004 चा रकाना भरला, शाईसुद्धा वाळली. काल रात्री तो सगळा रकाना ब्लेडने खरवडून काढला. ज्या प्लबुकवर (प्रयोगाच्या छापील माहितीपुस्तकावर) विसंबून तो भरला होता, ते प्लबुक 2004 चं नाहीच.

आठवत असेल तुम्हाला, मुखपृष्ठ फाटलेलं, वर्षाचं पान गेलेलं, पण आतली पानं शाबूत असलेलं ते पुस्तक. विकणाऱ्याने 'जेकिल अँड हाइड' या म्युझिकलचा, म्हणजे गाण्यांच्या नाटकाचा, 'कोरियातला पहिला मोसम' असं सांगून पाठवलं होतं. पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त झाला. मी विश्वास ठेवला, कारण जेकिलच्या पानावर चो सुंग-वू आणि र्यू जंग-हान ही दोन्ही नावं होती, आणि 2004 च्या पहिल्या मोसमात हेच दोघं पाळीपाळीने जेकिल करत होते. शेजारी तिसरं नाव होतं, होंग क्वांग-हो. तो राखीव नट असेल असं मीच ठरवलं आणि तक्त्यात तशी बारीक खूणही केली. ती खूण मात्र तेव्हापासून खुपत होती. राखीव नटाचा फोटो बाकीच्या दोघांच्या बरोबरीने पानभर कोण छापेल?

रविवारी सकाळी उजेड चांगला होता, म्हणून भिंग घेऊन शेवटचं पान पुन्हा काढलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नाट्यगृहाचं नाव. पहिला मोसम सोलमधल्या कोएक्स संकुलाच्या सभागृहात झाला होता, म्हणजे नाव 'क'च्या घरातल्या अक्षराने सुरू व्हायला हवं. इथे तर घराच्या छपरासारखं दिसणारं कोरियन 'स'चं अक्षर. आधी मी ते 'सा' वाचलं होतं आणि 'सारोत्ते' नावाचं काहीतरी शोधत दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. भिंगाखाली दिसलं की उभ्या रेघेला एक नव्हे, दोन फांद्या आहेत. एक फांदी म्हणजे 'सा', दोन म्हणजे 'शा'. शारोत्ते. शार्लट थिएटर!

सोलच्या जामशिलमधलं हे नाट्यगृह उघडलं 2006 मध्ये. कोरियातलं खास म्युझिकलसाठी बांधलेलं पहिलं नाट्यगृह ते. जे 2004 मध्ये उभंच नव्हतं, तिथे 2004 चा प्रयोग कसा होईल?

मग पुढचं भराभर सुटत गेलं. पुस्तक 2006 नंतरचं. सुंग-वू डिसेंबर 2008 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, ऑक्टोबर 2010 मध्ये सुटला, आणि पुढच्याच महिन्यात शार्लटच्या रंगमंचावर जेकिल होऊन उभा राहिला. त्या मोसमात होंग क्वांग-हो राखीव नव्हता, पूर्ण हक्काचा जेकिल होता. (पुढे 2014 मध्ये लंडनच्या वेस्ट एंडवर 'मिस सायगॉन'मध्ये थूयची भूमिका केली, तोच हा.) म्हणजे माझ्या हातात आहे ते पुनरागमनाच्या मोसमाचं प्लबुक.

दहा मिनिटं चिडले. मग चहा घेऊन तीच पानं पुन्हा चाळली, आणि तेच फोटो वेगळे दिसायला लागले. इतके दिवस मी त्यात चोवीस वर्षांचा पोरगा बघत होते, ज्याने या एका भूमिकेवर सगळी रंगभूमी हलवली आणि 'चिगम इ सुनगान' हे गाणं इतकं घरोघरी नेलं की आज तिकडे लग्नातही ते म्हणतात. आता दिसतो तो तिशीचा माणूस, जवळजवळ दोन वर्षांनी परतलेला. जेकिल आणि हाइड एकाच गळ्यातून भांडतात त्या प्रवेशाचा फोटो बघा: मान फिरलेली, अर्धे केस तोंडावर, गळ्याची शीर टरारलेली. माझ्या संग्रहातलं सर्वांत मोलाचं पान आता हेच.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. आतापर्यंत तक्ता वर्षांच्या रकान्यांत होता: हिरवी रेघ रंगभूमीची, निळी चित्रपटांची, तांबडी मालिकांची. काल गाठ सोडवली ती मात्र नाट्यगृहाने आणि त्या दोन कोऱ्या वर्षांनी. तेव्हा तळाशी नाट्यगृहांची पट्टी घालते, आणि कोरी जागा तशीच न ठेवता राखाडी रंगवते. तशी ती रंगवली की डोळ्यात भरतं की निळी रेघ 2000 मध्ये 'चुनह्यांग'पासून सुरू झाली तरी तांबडी थेट 2012 मध्ये उगवते, 'मा-उई'ने. आणि पहिल्याच मालिकेला एमबीसी या कोरियन वाहिनीचं त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक! बारा वर्षं ज्याने मालिकेला हात लावला नाही, त्याला कॅमेऱ्यासमोर आवाज किती खाली ठेवायचा हे कुणी शिकवावं लागलं नाही. 2017 च्या 'स्ट्रेंजर'मधला भावना हरवलेला सरकारी वकील ह्वांग शी-मोक बघताना मला राहून राहून हाच गळा आठवतो. एवढा आवाज ज्याच्यापाशी आहे, त्यालाच असं गप्प राहता येतं, हे माझं ठाम मत आहे.

2023 ची जागा आधीच घट्ट झाली आहे. 'डिव्होर्स ॲटर्नी शिन' एप्रिलपर्यंत चालू आणि मार्चअखेर बुसानला 'फँटम ऑफ द ऑपेरा' सुरू, त्यामुळे तांबडी आणि हिरवी एकमेकींवर चढतात. नंतर तोच फँटम सोलला आला तो पुन्हा शार्लटमध्येच, म्हणजे नवी पट्टी तिथे कामाला येईल. 2024 चं 'हॅम्लेट' हिरव्यातच, पण तुटक रेघेने. गाण्याविना त्याचं ते पहिलंच नाटक.

साहित्याबद्दल थोडं. कार्ट्रिज कागद खरवडणं सोसतो, पण खरवडलेल्या जागी जेल पेनची शाई फुटते. तिथे आता फक्त अप्सराची पेन्सिल. छापील कोरियनसाठी पापागो या भाषांतराच्या ॲपसारखं दुसरं नाही, मात्र मुंगीएवढ्या अक्षरांना आधी भिंग, मग ॲप.

एक अडचण तशीच आहे. आपल्याकडे नट बदलला तर त्याला रिप्लेसमेंट म्हणतात. तिकडे पहिल्या दिवसापासून दोघं-तिघं एकच भूमिका वाटून घेतात. 2005 च्या 'हेडविग' या म्युझिकलला तर चार हेडविग होते: सुंग-वू, ओ मान-सोक, सोंग योंग-जिन, किम दा-ह्यॉन. नुसतं 'हेडविग 2005' लिहून त्याचे स्वतःचे प्रयोग कळत नाहीत. रोजच्या कास्टिंग बोर्डचे (त्या दिवशी कोण काम करणार ते दाखवणाऱ्या फलकाचे) जुने फोटो जमवल्याशिवाय ती रेघ अखंड ओढायची नाही, ठिपक्यांची ठेवायची, असं ठरवलंय.

2004 चा चौकोन पेन्सिलने आखून कोरा ठेवला आहे. कुणाकडे त्या मोसमाचं खरं प्लबुक असेल तर शेवटच्या पानाचा तळ तेवढा बघा आणि पहिलं अक्षर कसं दिसतं ते मला कळवा.