आठ वॉटचा पखवाज

रत्नागिरीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचे काम मी सव्वीस वर्षे करतो आहे. माझ्या टेबलावर येणारा माल बहुतेक देवळांतला, भजनी मंडळांचा आणि मंडपवाल्यांचा असतो: खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जॅक, पाल अडकून जळलेले सर्किट बोर्ड, फोमची कड कुजून गळून पडलेले वूफर. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गणपतीपुळ्याच्या बाजूला कातळावर नवे घर बांधलेल्या एका गृहस्थांचा फोन आला आणि मुंबईचे एक विक्रेते उंची लाऊडस्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर ऐकवण्यासाठी घेऊन येत आहेत, तुम्ही दिवसभर थांबाल का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी हातातली सगळी कामे बाजूला ठेवली. ज्या यंत्रांविषयी इतकी वर्षे नुसते वाचत आलो, ती एका खोलीत एकत्र ऐकायला मिळण्याचा योग आमच्याकडे सहसा येत नाही.

गृहस्थ जहाजावर इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी संगीतासाठी वेगळी खोली बांधली आहे: २२ फूट लांब, १४ फूट रुंद, भिंती बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या, वर कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी. आत शिरताच मी सवयीने टाळी वाजवून पाहिली. गुळगुळीत गिलाव्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये टाळीला पत्रा थरथरल्यासारखे जे शेपूट येते, ते इथे नव्हते. जांभ्याच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागाने ते मोडले असावे, असा माझा अंदाज आहे. मला ती खोली पहिल्याच मिनिटाला आवडली.

विक्रेत्यांच्या माणसांनी आदल्या रात्रीच माल लावला होता. समोरच्या दोन कोपऱ्यांत क्लिपशहॉर्न नावाचे कर्ण्याचे स्पीकर उभे होते. पॉल क्लिपश या अमेरिकी इंजिनिअरने १९४६ च्या सुमारास आर्कान्सामध्ये बनवायला घेतलेली ही पेटी खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावी लागते, कारण कोपऱ्याच्या दोन भिंती हा तिच्या कर्ण्याचाच पुढचा भाग असतो. भिंत पोकळ असेल किंवा कोपऱ्याजवळ खिडकी असेल, तर खर्ज निसटतो. चिऱ्याच्या जाड भिंतीइतका भक्कम कोपरा तिला कुठे मिळणार? स्टँडवर बीबीसीच्या एलएस३/५ए जातीची छोटी जोडी होती आणि एका बाजूला कापडाच्या पडद्यासारखे दिसणारे, माणसाएवढ्या उंचीचे दोन इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल होते. अ‍ॅम्प्लिफायरांपैकी एक ३००बी या काचेच्या व्हॉल्व्हचा होता, एक क्लास ए म्हणजे ज्यातून प्रवाह सतत वाहता ठेवतात अशा ट्रान्झिस्टरचा, आणि एक भरपूर वॉटचा नेहमीच्या पद्धतीचा.

पण ऐकायला बसण्याआधीच काम निघाले. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर क्लिपशहॉर्नला जोडताच खोलीभर हमिंग सुरू झाले, अगदी खुर्चीपर्यंत पोहोचणारे. या कर्ण्याला एक वॉट दिला, तर एक मीटरवर सुमारे १०५ डेसिबल आवाज मिळतो. म्हणजे साध्या पेटीत जे हमिंग कान लावूनही कळणार नाही, ते इथे लपत नाही. विक्रेत्यांच्या एका तरुणाने लगेच पक्कड काढली आणि अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवला. मी त्याचा हात धरला. आमच्या धंद्यात हा उपाय सर्रास केला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही. या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. आतली एखादी वायर सुटून डब्याला लागली, तर माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये तेवढी एक पिनच उभी असते.

मग मी वायरिंग तपासत गेलो. घराचे मूळ अर्थिंग मागच्या विहिरीजवळ ओल्या मातीत होते. संगीताच्या खोलीसाठी मात्र कोणीतरी 'स्वतंत्र, शुद्ध' अर्थिंग हवे म्हणून पुढच्या कातळात वेगळा खड्डा मारून त्यात कोळसा आणि मीठ भरले होते. अर्थ टेस्टर लावला, तेव्हा विहिरीजवळचा खड्डा ३ ओहम दाखवत होता आणि कातळातला ४१. मे महिन्यात कातळ भाजून कोरडा पडलेला असतो, त्याला ओल कुठून मिळणार? अ‍ॅम्प्लिफायर या नव्या अर्थिंगच्या बोर्डावर आणि सीडी प्लेयर वायर पुरते म्हणून पलीकडच्या जुन्या बोर्डावर, अशी जोडणी होती. दोन अर्थिंगमधल्या विजेच्या दाबाच्या फरकामुळे सिग्नलच्या केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत होता आणि तोच आम्ही ऐकत होतो. सगळी यंत्रे विहिरीच्या अर्थिंगवर, एकाच बोर्डावर घेतली आणि हमिंग थांबले. दोन्ही खड्डे तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडल्याशिवाय पावसाळ्यात ही खोली वापरू नका, हे मी मालकांना तिथेच सांगितले.

यात अकरा वाजले. पहिल्यांदा लावली ती छोटी जोडी, क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरवर. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी हिची रचना केली, कारण तिथे मोठ्या पेट्या मावत नसत. साधारण फूटभर उंचीच्या या पेटीतून माणसाचे बोलणे माणसासारखे यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती, आणि ती तिने आजही पूर्ण केली. आकाशवाणीवरच्या जुन्या निवेदकांचा ओठ मिटण्याचा जो बारीक आवाज असे, तसा आवाज मला कित्येक वर्षांनी ऐकू आला.

यानंतर मी माझे ध्वनिमुद्रण काढले. विक्रेत्यांनी सोबत आणलेल्या तबकड्या उत्तम होत्या, पण त्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा मी तिथे नव्हतो, त्यामुळे मूळ आवाज कसा होता हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. माझे ध्वनिमुद्रण याच गावच्या देवळातल्या सप्ताहातले होते. त्या रात्री ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती, आणि पहाटे माईक बंद करून मंडळ नुसतेच बसून गात असताना मी छोटा रेकॉर्डर पखवाजापासून आठ फुटांवर ठेवून ते टिपले होते. त्यात पखवाज, हार्मोनियम, टाळ आणि दहा-बारा गळे आहेत, बाकी काही नाही. दुरुस्त केलेला प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर मी यावरच तपासतो.

छोट्या पेटीवर गळे सुरेख आले. धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या बाजूचा आवाज मात्र एखाद्या अक्षरावर गरजेपेक्षा जास्त फुगत होता. पेटी लहान आहे, असे मालक म्हणाले. मला ते पटले नाही, कारण लहान पेटीत खर्ज कमी पडेल, फुगणार नाही. मग लक्षात आले की त्यांची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर आहे, कारण पंखा तिथे आहे. २२ फूट लांबीच्या खोलीत या उकाड्यात पहिली उभी लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये जागीच घुमणारा आवाज, सुमारे २६ हर्ट्झला आणि दुसरी ५२ हर्ट्झला पडते, आणि या दुसऱ्या लहरीचा दाब दोन्ही टोकांइतकाच मध्यभागीही सर्वांत जास्त असतो. मी खुर्ची साडेतीन फूट मागे घेतली. पखवाजाची सूज उतरली आणि धुम्याचा आवाज त्याच्या कातड्यावर परत आला. मालकांनी चार वेळा पुढे-मागे बसून पाहिले. नंतर काही लाखांची स्पीकरची केबलही बदलून दाखवण्यात आली. मी मन लावून ऐकले आणि मला फरक सापडला नाही. खुर्चीचा फरक सापडला होता.

दुपारी जेवणानंतर ३००बी आणि क्लिपशहॉर्न. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३० च्या दशकात काढलेला हा व्हॉल्व्ह एकटा चालवला, तर साधारण ८ वॉट देतो. हे आठ वॉट त्या छोट्या पेटीला दिले, तर एक मीटरवर जेमतेम ९२ डेसिबल मिळतील. कर्ण्याला दिले, तर ११४. हा २२ डेसिबलचा फरक भरून काढायला छोट्या पेटीला दीडशे पटींहून जास्त ताकद द्यावी लागेल, आणि तेवढ्यात ती जळून जाईल. म्हणून आवाजाची तुलना करताना वॉट किती एवढेच विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला मी नेहमी विचारतो की पेटी कोणती आहे. तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून मी प्रत्येक जोडीला एकच टेस्ट टोन देऊन, ऐकण्याच्या जागी मीटर ठेवून आवाज सारखा करून घेत होतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि त्यात माणूस फसतो.

ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि पहिल्या थापेलाच मी सावरून बसलो. आवाज मोठा नव्हता. त्या पातळीला अ‍ॅम्प्लिफायरमधून एका वॉटचा अगदी लहानसा अंश जात असेल. पण थाप पडली तेव्हा ती आधी हवेतून अंगावर आली आणि मग कानांना कळली, जशी देवळात आठ फुटांवर बसल्यावर येते. इतकी वर्षे मी लोकांचे स्पीकर दुरुस्त करताना ज्या आवाजाची कल्पना मनात धरून काम करत आलो, तो पहिल्यांदाच एखाद्या यंत्रातून बाहेर आला होता. गळ्यांमध्ये थोडा कर्ण्याचा ठसा होता, जणू सगळेजण तोंडाशी ओंजळ धरून गात होते. छोट्या पेटीत तो नव्हता. तरीही पखवाजासाठी मी एवढे सोसले असते.

घराची राखण करणारे आबा तेव्हा बाहेर पडवीत नारळ सोलत होते. ते कोयता तसाच हातात घेऊन दारात आले. देवळातला तो पखवाज त्यांचाच होता, हे मी मालकांना सांगायचे राहून गेले होते. त्यांनी एक आवर्तन पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "कणीक सुकली होती हो तेव्हा. रात्रभर वाजवून पहाटेला लावायची राहिली."

मी ते ध्वनिमुद्रण शेकडो वेळा ऐकले होते. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात, तिच्या वजनाने धुमा खाली उतरतो आणि ती सुकत गेली की चढतो, हे मलाही माहीत होते. पण यात तो चढलेला आहे, हे मला कधी कळले नव्हते. आम्ही तोच भाग छोट्या पेटीवर परत लावला. आबांनी मान हलवली: तिथे त्यांना ते ओळखता येत नव्हते. मग इलेक्ट्रोस्टॅटिकवर लावला आणि तिथे त्यांना पुन्हा कळले, जरा कमी, पण कळले.

या पॅनेलविषयी मला सर्वांत जास्त उत्सुकता होती. दोन भोकांच्या पत्र्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यावर काही हजार व्होल्टचा भार, आणि पत्र्यांवर संगीताच्या सिग्नलचा विजेचा दाब. पेटी नाहीच, त्यामुळे पेटीचा आवाजही नाही. पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये क्वाडचे असे पूर्ण पल्ल्याचे स्पीकर विक्रीला आणले, तेव्हापासून ही जात टिकून आहे. इथली जोडी अलीकडची, दुसऱ्या एका उत्पादकाची होती. तिच्यातून गाणाऱ्यांचे गळे असे वेगवेगळे झाले की डावीकडून तिसरा माणूस सर्दीने बसलेल्या आवाजात गातो आहे, हेही सांगता यावे. पुढे जेवढा आवाज तेवढाच मागेही जात असल्यामुळे पॅनेल भिंतीपासून पाच फूट पुढे ओढावी लागली. खर्ज थोडा पातळ होता, पण टाळांचा आवाज इतर कुठल्याही पेटीने असा निर्मळ दिला नाही.

साडेपाचला उकाडा असह्य झाला म्हणून मालकांनी समुद्राकडची दारे उघडली. अर्ध्या तासाने उजव्या पॅनेलमधून टिक, टिक असा आवाज येऊ लागला, आणि काही वेळाने डाव्यातूनही. तरुण विक्रेता सिग्नलची केबल हलवून पाहू लागला. मी वीज बंद करायला सांगितली. दमट, खारट हवा आत शिरली की त्या हजारो व्होल्टला गळतीच्या वाटा मिळतात आणि बारीक ठिणग्या पडू लागतात. भारामुळे धूळही पापुद्र्याकडे खेचली जाते आणि मिठाबरोबर तिचाही थर बसतो. यात यंत्राचा दोष नाही, पण समुद्रापासून इतक्या जवळ, पावसाळ्याच्या तोंडावर, दारे उघडी ठेवून हे यंत्र सांभाळता येणार नाही. मला ते सांगताना वाईट वाटले, कारण मालकांना तीच जोडी सर्वांत जास्त आवडली होती. घ्यायचीच असेल, तर खोली बंद ठेवून आर्द्रता काढणारे यंत्र सतत चालवावे लागेल, असे मी म्हणालो. उघड्या दारांसाठीच इथे घर बांधले, असे ते म्हणाले आणि गप्प बसले.

सातच्या सुमारास वळवाचा पाऊस आला. कौलांवरच्या आवाजात छोटी पेटी बुडाली. कर्णा बुडाला नाही. मग वीज गेली आणि व्हॉल्व्हच्या तारा हळूहळू विझत गेलेल्या आम्ही पाहिल्या. मालकांनी त्या दिवशी काहीच घेतले नाही. आधी तांब्याची पट्टी टाका, मग छोट्या जोडीचे पाहू आणि कोपऱ्यांचा विचार दिवाळीनंतर करू, असे त्यांनी ठरवले.

मी हत्यारे आवरत असताना आबांनी ते ध्वनिमुद्रण मोबाईलवर मागितले. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून धुमा येणारच नाही, असे मी त्यांना सांगितले.

"धुमा माझ्या हाताला ठाऊक आहे," आबा म्हणाले. "पोरांना टाळ कुठे सुटला तो ऐकवायचा आहे."

मी विजेरीच्या उजेडात ते त्यांच्या मोबाईलवर घातले आणि पाऊस ओसरल्यावर निघालो.