न लागलेला दिवा

आमची डिझेल गाडी २००४ सालची. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत नेऊन तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून आणली. ‘अजून विकली नाही?’ असं पाहुण्यांनी विचारलं. २०२४ मध्ये पुन्हा वाढवून आणली तेव्हा त्यांनी विचारायचंही सोडून दिलं. हल्लीच्या गाड्यांसारखं हिला यंत्र जोडावं आणि पडद्यावर बिघाडाचा कोड वाचावा, अशी सोय नाही. जे काय दुखतंखुपतं ते डॅशबोर्डवरच्या सात-आठ दिव्यांतून सांगायचं, एवढीच हिची भाषा. ती भाषा आपल्याला येते असा माझा वीस वर्षं समज होता.

गेल्या पावसाळ्यात बॅटरी उतरायला लागली. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, मंडई, शाळा, महाद्वार रोड, असं चार दिवस फिरलं की पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. धक्का मारायला आमच्या गल्लीत माणसांची वाण नाही. मात्र गाडी सुरू झाली की प्रत्येक जण हात झटकता झटकता एक निदान देऊन जातो. ‘बॅटरीचं पाणी बघा.’ ‘टर्मिनल घासा.’ ‘विका.’ मी टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, घासली, वर व्हॅसलिन चोपडलं. आठवडा बरा गेला. पुन्हा ‘टक्’. मग नवी बॅटरी आणली. तीही पाचव्या दिवशी झोपली.

गंमत अशी, की पुण्याला जाऊन आलं की गाडी टुणटुणीत. हायवेवरून सव्वादोनशे किलोमीटर पळून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी अर्ध्या चावीत सुरू. ‘हिला हवापालट लागतो,’ असं आम्ही घरात म्हणायला लागलो. आता वाटतं, तेवढं एकच निदान खरं होतं; फक्त ते आम्ही चेष्टेत केलं होतं.

मग ती पन्हाळ्याची रात्र. जेवून निघालो तेव्हा पाऊस मी म्हणत होता. घाट उतरताना हेडलाइट हळूहळू पिवळे पडले, वायपर काचेवरून म्हाताऱ्यासारखे सरकायला लागले, हॉर्न घसा बसल्यासारखा. इंजिनाला मात्र काही नाही. पेट्रोलच्या गाडीला क्षणोक्षणी ठिणगी लागते. वीज आटली की तिचा जीव जातो. डिझेलला ठिणगीच नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. आमच्या जुन्या यांत्रिक पंपाला विजेचं काम एकच, डिझेलची वाट उघडी धरणारा सोलेनॉइड, आणि तो फार थोड्यावर भागवतो. म्हणजे अंधारात, आंधळी, मुकी, पण धावतेय. बायकोनं विचारलं, ‘काय झालंय हिला?’ मी डॅशबोर्डकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. ‘काही विशेष नसणार,’ मी म्हणालो, ‘नाहीतर दिवा लागला असता.’

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात चाचांकडे गेलो. ऑटो इलेक्ट्रिशियन, वय सत्तरीच्या आसपास, कानावर पेन्सिलीऐवजी टेस्टर. मला वाटलं बोनेट उघडतील. ते माझ्या सीटवर बसले, चावी अर्धी फिरवली, गाडी सुरू केलीच नाही, आणि नुसते बघत राहिले.

‘साहेब, बॅटरीचा दिवा कवापास्नं लागत न्हाई?’

‘लागत नाही म्हणजे चांगलंच ना?’

चाचांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं मला शाळा सुटल्यापासून कुणी पाहिलेलं नाही.

इंजिन बंद आणि चावी चालू असताना तो दिवा लागायलाच हवा. आणि इथं खरी मेख आहे. हा दिवा नुसता बातमी देणारा नाही, तो स्वतः कामावर आहे. त्या बल्बातून जाणारा प्रवाह पुढे अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या (चाचांच्या भाषेत डायनामोच्या), आतल्या गुंडाळीत जातो आणि तिला पहिलं चुंबकत्व देतो. ते मिळालं की अल्टरनेटर वीज करायला लागतो, मग स्वतःचं स्वतः भागवतो आणि दिवा विझतो. बल्ब उडालेला असेल तर पट्टा फिरतो, पुली फिरते, वीज मात्र शून्य. आणि हे सांगणारा जो दिवा, तोच मेलेला.

चाचांनी बॅटरीला मीटर लावून गाडी सुरू केली. १२.१ व्होल्ट. ‘चार्जिंग न्हाई.’ मग मला म्हणाले, ‘द्या रेस.’ मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत गेलो. १२.१, १२.१, आणि इंजिन ओरडायला लागल्यावर एकदम १४.१! आतल्या लोखंडात उरलंसुरलं चुंबकत्व असतं, ते जोरात फिरवल्यावर जागं होतं, आणि एकदा जागं झालं की गाडी बंद करेपर्यंत झोपत नाही. हायवे, पुणे, हवापालट. सगळं जमलं. गावात तेवढी रेस कोण देतो? घाट उतरताना तर मुळीच नाही.

मी लगेच शहाणपणा केला. ‘चाचा, एलईडीच टाका, म्हणजे पुन्हा उडणार नाही.’ ‘टाकतो की. पण त्येच्यातनं करंट जाणार किती? डायनामो उठंल का तेवढ्यात?’ तीन वॅटचा जुनाट बल्ब पाव अँपिअर पितो म्हणूनच इथं उपयोगाचा. काटकसर करणारा दिवा या जागी निकामी.

बल्ब बदलायला डॅशबोर्ड खोललेलाच होता, तेव्हा चाचांनी बाकीच्यांचीही हजेरी घेतली. तेलाचा लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. त्यामुळे डिपस्टिकवर तेल भरपूर दिसलं तरी चालत्या गाडीत तो लागला तर इंजिन जागच्या जागी बंद करायचं. स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा पिवळा दिवा विझला म्हणजे थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आधी तापवायचे ते हीटर प्लग तापले, हाही माझाच समज. आमच्या गाडीत तो नुसता टायमर निघाला. चारांतले दोन प्लग मेले तरी तो वेळेवर विझतो. जुनी गाडी विकताना काही बहाद्दर त्रासदायक दिव्याचा बल्बच काढून ठेवतात, हे चाचा इतक्या सहज बोलले की मी पुढे काही विचारलं नाही.

नवा बल्ब बसला. चावी फिरवली, लाल दिवा लागला. गाडी सुरू केली, विझला. मीटरवर १४.१, रेस न देता. उडालेला बल्ब चाचांनी माझ्या तळहातावर ठेवला. काच काळी पडलेली, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा.

‘किती झाले?’

‘बल्बाचे वीस. मजुरी द्या काय ती.’ आणि मग बोनेटखालच्या चकचकीत डब्याकडे बघत, ‘ही नवी बॅटरी कुणी टाकाय सांगितली?’

मी म्हणालो, गल्लीतल्या लोकांनी. ते बिचारे फार तर ‘विका’ म्हणाले होते.