साहेब नाहीत, पीएंना भेटा

लहानपणी वडिलांबरोबर साताऱ्यात कधी आमदारांकडे अर्ज घेऊन गेलो की ठरलेलं उत्तर मिळायचं: "साहेब दौऱ्यावर आहेत, पीएंना भेटा." ६ ऑक्टोबर २०२५ ला वॉशिंग्टनच्या रेबर्न इमारतीत, प्रतिनिधीगृहाच्या खासदाराच्या दारात उभा असताना तेच वाक्य इंग्रजीत ऐकलं आणि मला हसूच फुटलं.

मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. अंतराळाशी संबंध म्हणाल तर गच्चीतली दुर्बीण, एवढाच. पण त्या वर्षी व्हाईट हाऊसच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात नासाच्या विज्ञान विभागाची रक्कम सुमारे ७३० कोटी डॉलरवरून ३९० कोटींवर आणलेली होती. चाळीसच्या वर मोहिमा बंद करायच्या होत्या. प्लूटोला भेटून पुढे निघालेलं न्यू होरायझन्स त्यात, गुरूभोवती फिरणारं जूनोही त्यात. चांगली चालू असलेली यानं पगार परवडत नाही म्हणून बंद करायची, हे काही पचेना. प्लॅनेटरी सोसायटी या अंतराळप्रेमींच्या संस्थेने खासदारांना भेटायला लोकांना बोलावलं होतं. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. मी नाव घातलं.

धाकधूक एकाच गोष्टीची होती. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. बिनमताच्या माणसाचं कोण ऐकणार? पण इथे राज्यांना खासदारांच्या जागा मिळतात त्या लोकसंख्येवर, मतदारांच्या संख्येवर नाही. म्हणजे मोजताना मला धरलेलं होतंच. मेट्रोपार्कहून वॉशिंग्टनची गाडी पकडली.

रविवारी प्रशिक्षण झालं, आणि खरं शिक्षण तिथेच झालं. नासाचा पैसा ज्या विधेयकातून येतो त्याच विधेयकात एफबीआय, जनगणना आणि हवामान खातंही असतं. पूर्ण विधेयकासाठी ठरलेला एकच डबा, त्यातून सगळ्यांना वाढायचं; संरक्षणाचा डबा वेगळा. त्यामुळे 'संरक्षणावर एवढे उधळता, मग आम्हाला का नाही' हे मी घोकून आणलेलं वाक्य तिथल्या तिथे बाद झालं. प्रतिनिधीगृहाच्या समितीने विज्ञानासाठी ६०० कोटी धरले होते, सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या समितीने ७३०. आमची मागणी एका ओळीची होती: सिनेटचा आकडा धरा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा आकडा विसरू नका, असं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नेमका तोच विसरलो. खर्चाची विधेयकं मंजूर न झाल्याने सरकार १ ऑक्टोबरपासून ठप्प होतं, प्रतिनिधीगृहाचं कामकाज बंद, खासदार घरी. भेटला तो पंचविशीतला मदतनीस. बसायला जागा नव्हती, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये, राज्याच्या झेंड्याशेजारी उभ्या उभ्या बोलणं. मी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनपासून सुरुवात केली. प्लूटोवरच्या नायट्रोजनच्या बर्फापर्यंत पोहोचलो तेव्हा त्याने नम्रपणे घड्याळाकडे पाहिलं. "छान. आमच्या मतदारसंघाचं यात काय?" मी गप्प.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या पुढे झाल्या. सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या झोताचा अभ्यास करणारं आयमॅप नावाचं यान २४ सप्टेंबरलाच, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी उडालं होतं, आणि त्या मोहिमेचं नेतृत्व प्रिन्स्टनचं. आपल्याच राज्यातलं. मग त्यांनी मार्च १९८९ चं सौरवादळ काढलं. क्विबेकमध्ये नऊ तास वीज नव्हती, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच वादळात न्यू जर्सीतल्या सेलम अणुऊर्जा केंद्राचा ट्रान्सफॉर्मरही जळाला होता. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून आयमॅप अशा वादळाची वर्दी देण्यात हातभार लावणार आहे. आता त्या पोराने खिशातून पेन काढलं. "सेलम? स्पेलिंग सांगा."

मग शेवटी बाईंनीच आकडा सांगितला. एकूण बारा मिनिटं.

दुपारी सिनेटच्या बाजूला भेट होती. तिथे मी सेलमपासूनच सुरुवात केली, सेगनना खिशातच ठेवलं. समोरची मुलगी तयारीची होती. तिने उलट विचारलं, कायदा झालाच नाही आणि तात्पुरत्या तरतुदीवर वर्ष काढावं लागलं तर काय? मला उत्तर येत नव्हतं. "विचारून कळवतो" म्हटलं. हे वाक्यही प्रशिक्षणातलंच, आणि दिवसभरात सगळ्यात उपयोगी पडलेलं. रात्री परतीच्या गाडीत जाणकारांना विचारून तिला ईमेल केली. सकाळी एका ओळीचं आभाराचं उत्तर आलं होतं.

जानेवारी २०२६ मध्ये कायदा झाला. विज्ञानाला ७२५ कोटी. यातला माझा वाटा किती, हे शोधायला जेम्स वेब दुर्बीणही पुरणार नाही. दोन्ही समित्यांचा कल मी जाण्याआधीच दिसत होता.

वडिलांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "काम झालं का?"

"झालं म्हणायचं."

"मग पुढच्या वेळी त्या पोराला कंदी पेढे घेऊन जा."

म्हटलं, "बाबा, इथे खासदारांच्या माणसांना भेटवस्तू द्यायचे नियम फार कडक आहेत."

"पेढा कसली भेटवस्तू?" म्हणाले.