तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपचा प्रकल्प मिळवायचा कसा?

"मॅडम, तुमच्याकडे तो इरॅस्मसचा प्रकल्प आला कसा? मंजूर झालेला एखादा अर्ज पाठवता का, आम्हीही तसाच भरतो." असा फोन मला वरचेवर येतो. कधी नुकताच लागलेला सहायक प्राध्यापक असतो, कधी एखाद्या महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली असेल तर आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक. फोनवर याचं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अर्ज पाठवायला माझी हरकत नाही, पण त्याचा उपयोग होत नाही. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आमच्या विद्यापीठाच्या अडचणीचा आहे, आणि ती अडचण तुमची नाही. तुमची अडचण तुम्हालाच मांडावी लागेल.

हा पैसा कशासाठी आहे ते आधी समजून घेऊ. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमाचा २०२१ ते २०२७ हा टप्पा. त्यातल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या सगळ्यांना माहीत असतात. ‘कपॅसिटी बिल्डिंग इन हायर एज्युकेशन’ हा त्याचा वेगळा भाग आहे, आणि तो व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतो. त्याचं मूळ १९९० मध्ये सुरू झालेल्या टेम्पस योजनेत आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर पोलंड, हंगेरी या देशांतल्या विद्यापीठांना अभ्यासक्रमापासून कारभारापर्यंत बरंच काही नव्याने उभं करायचं होतं. पश्चिम युरोपातल्या विद्यापीठांनी त्यांच्याबरोबर बसून हे काम करावं, म्हणून ती योजना आली. हा इतिहास मी मुद्दाम सांगते, कारण परीक्षक आजही अर्जात तेच शोधतो: प्रकल्प संपल्यावर या विद्यापीठात काय बदललेलं असेल?

आपल्याकडचे जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतले निम्मे इथेच बाद व्हायला हवेत. कुणाला आपल्या पीएचडीच्या विषयावर संशोधन पुढे न्यायचं असतं, कुणाला प्रयोगशाळेत एखादं महागडं उपकरण हवं असतं, कुणाला ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ काढायचं असतं. या इच्छा चांगल्याच आहेत, पण त्यांच्यासाठी दुसऱ्या योजना आहेत. भारत सरकारची स्पार्क योजना संयुक्त संशोधनासाठीच आहे. इथे उपकरण घेता येतं, पण ते नव्या अभ्यासक्रमाला किंवा सेवेला लागतं म्हणून. उपकरणासाठी अभ्यासक्रम बेतला की वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.

योजनेचे तीन स्ट्रँड, म्हणजे प्रकार, आहेत. पहिल्यात २ ते ४ लाख युरो, दुसऱ्यात ४ ते ८ लाख, तिसऱ्यात ६ ते १० लाख. तिसरा सध्या विसरा, तिथे देशाचं शिक्षण मंत्रालयच भागीदार लागतं. दुसरा अनुभवी विद्यापीठांसाठी. पहिल्याबद्दल मात्र मला तळमळीने बोलायचं आहे. ज्या संस्थांना आंतरराष्ट्रीय कामाचा अनुभव नाही, ज्या दूरच्या भागांत आहेत, ज्यांच्याकडे वंचित घरांतली मुलं शिकतात, त्यांच्यासाठीच तो आखलेला आहे. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर २०११ मध्ये स्थापन झालेलं गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ येतं, नांदेड येतं, जळगाव येतं, आणि त्यांना संलग्न असलेली तालुक्याच्या गावची महाविद्यालयं येतात. तिथले प्राध्यापक मला म्हणतात, "आपलं काम नाही ते, पुण्या-मुंबईचं आहे." हे पटवून घेऊ नका. पुण्या-मुंबईला जे सिद्ध करायला शब्द खर्च करावे लागतात, ते तुमच्या प्रवेश-नोंदवहीत आधीच लिहिलेलं असतं.

पण नोंदवही उघडावी लागते. आश्रमशाळांतून आलेली किती मुलं पहिल्या सत्रात गणितात नापास होतात? त्यातली किती दुसऱ्या वर्षाला दिसतच नाहीत? त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा वर्ग आहे का, आणि तो घेणाऱ्या शिक्षकाला कुणी कधी काही शिकवलं आहे का? हे आकडे तुमच्या परीक्षा विभागात पडून असतात. ते काढले, चार प्राध्यापकांनी आणि पंधरा-वीस विद्यार्थ्यांनी बसून त्यावर बोलणं केलं, की अर्जाचा गाभा तयार होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले परिच्छेद उतरवून तो होत नाही. १०० गुणांपैकी ३० प्रकल्पाच्या सुसंगतीला (म्हणजे तो खऱ्या गरजेशी किती जुळतो त्याला), ३० आराखडा आणि अंमलबजावणीला, २० भागीदारीला, २० परिणामाला असतात. एकूण किमान ६० लागतात आणि प्रत्येक भागात निम्मे. अर्थात ६० मिळाले म्हणून पैसा मिळत नाही. गुणानुक्रमे यादी लागते आणि त्या-त्या प्रदेशासाठी ठेवलेला निधी संपला की ती थांबते. म्हणून सुसंगतीचे तीस गुण हातचे सोडणं परवडत नाही.

आता भागीदार. प्रकल्पात किमान दोन युरोपीय देशांतली विद्यापीठं लागतात. ती शोधायला लोक चाळीस ठिकाणी एकच ईमेल पाठवतात: ‘आम्हाला तुमच्या प्रकल्पात घ्या.’ त्याला उत्तर येत नाही, आणि का यावं? त्यापेक्षा इरॅस्मस प्लसच्या संकेतस्थळावर आजवरच्या प्रकल्पांची माहिती खुली आहे, ती वाचा. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांवर काम केलेलं विद्यापीठ तिथे सापडेल. त्यांचे अहवाल वाचून त्यांना दोन नेमके प्रश्न विचारा. तुमच्याच विभागातून जर्मनीला किंवा स्पेनला गेलेला जुना विद्यार्थी असेल, तर त्याच्या मार्गदर्शकाशी बोला. ओळख होऊन, एकमेकांचं काम बघून, एखादा छोटा ऑनलाइन कार्यक्रम मिळून करून मग प्रकल्पाचा विषय निघावा. त्याला वर्ष लागतं, ते द्यावं. कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी सूचना, साधारण नोव्हेंबरात निघतो आणि फेब्रुवारीत मुदत संपते. या तीन महिन्यांत अर्ज लिहून होतो, विश्वास तयार होत नाही.

एक नियम आपल्या लोकांना माहीत नसतो. आपल्यासारख्या भागीदार देशांतल्या विद्यापीठांची संख्या युरोपीय विद्यापीठांपेक्षा कमी असून चालत नाही, आणि समन्वयक म्हणून भारतीय विद्यापीठही अर्ज करू शकतं. म्हणजे पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसायचं कारण नाही. युरोपातून तयार मसुदा आला आणि त्यात तुमच्या वाट्याला फक्त ‘कार्यशाळेचं आयोजन’ आलं असेल, तर स्पष्ट बोला. अभ्यासक्रम कोण लिहिणार, चाचणी कुठल्या महाविद्यालयांत होणार, कुठल्या वर्क पॅकेजचं (प्रकल्पातल्या कामांच्या गटाचं) नेतृत्व आपल्याकडे, हे आधी ठरवा. चांगल्या भागीदाराला हे बोलणं आवडतं, कारण भागीदारीचे वीस गुण त्यावरच अवलंबून आहेत.

पैशाची बाजू कंटाळवाणी वाटते, पण मंजूर झालेला प्रकल्प तिथेच अडतो. अनुदान एकरकमी तत्त्वावर मिळतं, अंदाजे खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत. ब्रुसेल्सला पावत्या लागत नाहीत, ठरलेलं वर्क पॅकेज पूर्ण झालं का एवढंच ते बघतात. झालं नाही तर त्या वाट्याची रक्कम कापली जाते. आपला लेखापरीक्षक मात्र प्रत्येक पावती मागणारच, तेव्हा दोन्ही हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. उरलेले १० टक्के कुठून येणार, हा प्रश्न व्यवस्थापन परिषदेत हमखास येतो. अंदाजपत्रकात संस्थेचा वाटा म्हणून शिक्षकांच्या कामाचे दिवस धरता येतात, ते नीट मांडलं तर वित्त व लेखाधिकारी विरोध करत नाहीत.

यापेक्षा मोठा विषय एफसीआरएचा, म्हणजे विदेशी निधीवरच्या कायद्याचा. २०१० च्या या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून विदेशी निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो, आणि एकदा घेतलेला निधी दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. प्रकल्पात तुमच्याबरोबर आणखी दोन महाविद्यालयं असतील आणि ‘पैसे आमच्याकडे येतील, मग त्यांना देऊ’ असं तुम्ही ठरवलं असेल, तर ते होणार नाही. खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयाला स्वतःची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या, पूर्णपणे सरकारी मालकीच्या आणि कॅगच्या लेखापरीक्षणाखाली येणाऱ्या संस्थांना सूट आहे. आपली संस्था त्यात बसते का, याचं लेखी उत्तर अर्ज करायच्या आधी घ्या.

तसंच संयुक्त पदवीचं. ‘प्रकल्पाच्या शेवटी जॉइंट डिग्री सुरू करू’ हे वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ-यादीत पहिल्या शंभरात स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा असेल तरच थेट करार करता येतो. यातलं काहीच नसेल तर चार क्रेडिटचा एक चांगला विषय सुरू करण्याचं वचन द्या. ते पाळता येतं.

आणि पाळायचं असेल तर अभ्यास मंडळ आधीपासून आपल्याबरोबर हवं. प्रकल्पात तयार झालेला अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत आणि तिथून वर्गात गेला नाही, तर तो पेन ड्राइव्हमध्येच राहतो. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, प्रकल्प दोन किंवा तीन वर्षांचा. मध्येच कुलगुरू बदलतात, कुलसचिव बदलतात, प्रकल्प लिहिणारे प्राध्यापक निवृत्त होतात. टिकतो तो इतिवृत्तातला ठराव. म्हणून मी अर्जाच्या कामाची सुरुवात ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर करत नाही, अभ्यास मंडळाच्या विषयपत्रिकेवर करते. याला लोक नोकरशाही म्हणतात. माझ्या मते हाच प्रकल्पाचा खरा भाग आहे, कारण युरोपला जाऊन येणारे आपण दहा-बारा जण असतो आणि त्या विषयाला बसणारी मुलं पुढची कित्येक वर्षं येत राहतात. त्यांच्यातली बरीच जण कधी विमानातही बसणार नाहीत. हा पैसा त्यांच्या वर्गापर्यंत पोचावा, एवढ्यासाठी मी या कामात आहे.

पोर्टलचं थोडक्यात. संस्थेचा नऊ अंकी पीआयसी, म्हणजे पोर्टलवरचा ओळख क्रमांक, आधीच कुणी काढलेला आहे का ते बघा, वेगवेगळ्या विभागांनी दोन-तीन काढलेले सापडतात. भाग ‘अ’ ऑनलाइन भरायचा, भाग ‘ब’ म्हणजे मुख्य मजकूर, सोबत अंदाजपत्रकाची एक्सेल. मुदत ब्रुसेल्सच्या संध्याकाळी पाचची, फेब्रुवारीत म्हणजे आपल्या रात्री साडेनऊची. भागीदारांची सहीची पत्रं जानेवारीतच गोळा करा.

यंदा करायचं मनात असेल तर अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवा, आणि परीक्षा विभागाकडून गेल्या तीन वर्षांचे पहिल्या सत्राचे निकाल मागवून घ्या. ते आकडे आणि त्यावर तुमचं स्वतःचं एक पान मला पाठवा. ते मी नक्की वाचेन आणि फोन मीच करेन.