व्युत्पत्तीची वही : स्पॅनिश ‘याबे’ आणि तिचा गोतावळा

मंडळी, दोन एलने (ll, उच्चार बहुतेक ठिकाणी ‘य’) सुरू होणाऱ्या स्पॅनिश शब्दांची मुळं शोधायचं काम एकदाचं मार्गी लागलं. सुरुवात ‘याबे’पासून केली. अर्थ किल्ली. स्पॅनिश अकादमीच्या कोशात व्युत्पत्ती अगदी त्रोटक आहे : लॅटिन ‘क्लाविस’. बस.

खरी मजा ‘क्ल’चा ‘य’ कसा झाला यात आहे. शब्दाच्या सुरुवातीचे क्ल, प्ल, फ्ल स्पेनमध्ये लोकांच्या तोंडी घासून ‘ल्य’सारखे झाले, पुढे बहुतेक ठिकाणी नुसता ‘य’ उरला. ‘क्लामारे’चं यामार (हाक मारणं), ‘प्लुविया’चं यूबिया (पाऊस), ‘फ्लाम्मा’चं यामा (ज्वाळा). म्हणून दोन एल दिसले की मी त्या जागी जुनं जोडाक्षर बसवून बघतो. इंग्रजी भावंडं लगेच हजर : क्लेम, फ्लेम. इंग्रजीने हे शब्द फ्रेंचमधून घेतले, आणि तिथे जोडाक्षर शाबूत होतं.

किल्लीच्या घरात तर नुसती गर्दी. कॉन्क्लेव्ह, म्हणजे नवा पोप निवडणाऱ्या कार्डिनलांची (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूंची) बैठक; शब्दाचा मूळ अर्थ किल्लीने बंद होणारी खोली. पोप दहावा ग्रेगरी याची निवड व्हायला १२६८ ते १२७१ इतका काळ गेला. मग १२७४ मध्ये त्यानेच कार्डिनलना कोंडून ठेवायचा नियम केला! खांद्याकडे जाणारं क्लॅव्हिकल हे हाड म्हणजे ‘छोटी किल्ली’. ऑटोक्लेव्हचं (वाफेच्या दाबाने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचं) झाकण आतल्या दाबानेच घट्ट बसतं, म्हणून ते नाव. पाश्चात्त्य स्वरलेखनात ओळींच्या सुरुवातीला असणारं चिन्ह, क्लेफ, हेही फ्रेंचमधून आलेलं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘क्लाबे’ म्हणतात, आणि सांकेतिक लिपीच्या किल्लीलाही. मूळ तेच ‘क्लाविस’, पण पंडितांनी नंतर थेट लॅटिनमधून उचललेलं. थोडक्यात, याबे तद्भव आणि क्लाबे तत्सम. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शेजारच्या पोर्तुगालमध्ये ‘क्ल’चा ‘च’ झाला. तिथली किल्ली आज ‘शाव्ह’सारखी ऐकू येते, पण सोळाव्या शतकात तिच्या सुरुवातीला ‘च’ होता. पोर्तुगीज आले तेव्हाचा तो ‘च’ आपल्या ‘चावी’त अजून टिकून आहे.

आता नियम मोडणारे शब्द हाताशी घेतलेत. ‘क्लावुस’ (खिळा) याचा ‘याबो’ व्हायला हवा होता, पण स्पॅनिश ‘क्लाबो’ क्ल सोडायला तयार नाही. लवंगेलाही तोच शब्द, आणि इंग्रजी क्लोव्हही फ्रेंचमधल्या खिळ्यावरूनच आलाय. एक लवंग उभी धरून बघा, डोकं आणि दांडा दोन्ही दिसतील. यादीत पुढे ‘फ्लोर’ (फूल) आणि ‘प्लासा’ (चौक) आहेत. आणखी कोणी सापडलं तर कळवा.