घरसभेचा पुढारी घडवताना

वडोदऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) घरसभेला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थना-वचनाच्या सभेला, पुढारी हवा असला की बोलक्या माणसालाच उभं करतात. तिथंच चुकतं. बायबलमधल्या २ तीमथ्य २:२ या वचनात प्रेषित पौल आधी ‘विश्वासू’ म्हणतो, शिकवण्याची लायकी त्यानंतर. दोघांना निवडा. पहिले चार आठवडे नुसतं बघू द्या, मग प्रार्थना, मग वचनावरचे तीन प्रश्न, शेवटी पूर्ण सभा. मंडळीच्या पाळकांनी मागे बसून गप्प राहावं (हेच सर्वांत अवघड!). प्रश्नानंतर शांतता पसरली की नवखा घाबरून स्वतःच उत्तर देतो. मनात वीस आकडे मोजायला शिकवा. गुजराती माध्यमातली पोरं मराठी शास्त्रपाठ अडखळत वाचतात, त्यांना तो बायबलचा उतारा दोन दिवस आधीच द्या. आणि चुका सगळ्यांदेखत काढू नका. दाराबाहेर चपला घालताना सांगा, एका वेळी एकच.